खुडूक कोंबडीची बाजू

मराठीत एकाच पक्ष्यासाठी दोन विशेषणे आहेत. अंगणातला उकिरडा उकरत असते तोवर ती ‘गावठी’ कोंबडी. महामार्गावरच्या ढाब्याच्या पाटीवर चढली की ‘गावरान’. पहिल्या शब्दाचे सोबती पाहा: गावठी दारू, गावठी कट्टा, गावठी उच्चार. दुसऱ्याचे पाहा: गावरान चव, गावरान थाट, गावरान मेजवानी. एक शब्द नाक मुरडण्याचा, दुसरा ओठ चाटण्याचा. दोहोंमधला फरक एवढाच की दुसऱ्या शब्दापर्यंत पोहोचेतो कोंबडी मेलेली असते.

तिसराही एक शब्द आहे आणि तो शिवीच आहे: ‘खुडूक’. काम सोडून कोपऱ्यात अंग आक्रसून बसलेल्या, विचारले तर अंगावर येणाऱ्या माणसाला आपण खुडूक कोंबडी म्हणतो. हा लेख त्या शिवीच्या बाजूने आहे. देशी कोंबडीची काळजी वाहणारे सध्या दोन गट आहेत. एक तिला ‘सुधारणाऱ्यां’चा, दुसरा तिच्या चवीने गहिवरणाऱ्या शहरी खवय्यांचा. दोघांचे एकमेकांशी पटत नाही, पण एका बाबतीत दोघांचे एकमत आहे: तिचे खुडूक होणे ही तिची खोड आहे, आणि ती गेली तर बरेच. माझे म्हणणे असे की, जपण्याजोगी गोष्ट तीच आहे. रंग, चव, अंड्याच्या कवचाची छटा, मांसाचा काळेपणा हे सारे नंतरचे. ज्या कळपात अंड्यांवर बसणारी आणि पिल्ले मागे घेऊन हिंडणारी कोंबडी आहे, तो कळप देशी. ज्या कळपात ती नाही, तो कितीही चपळ आणि कितीही रंगीत असो, त्याचे मूळ परसात नसते. ते उबवणी केंद्राच्या पावतीत असते.

हे मी कोणत्या अधिकाराने लिहितो असे कोणी विचारील, तर उत्तर लाजिरवाणे आहे. असा एक कळप मी स्वतः संपवलेला आहे.

आमचे घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. आईकडे नेहमी दहाबारा कोंबड्या असत, आणि त्या कुठून आल्या हे तिला नेमके ठाऊक होते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिच्या आईने डालग्यात घालून दिलेल्या दोन तलंगा, त्यांच्या लेकी, नाती आणि पणत्या. एकीचा रंग दुसरीला नव्हता. कोणी तांबूस, कोणी कबरी, एखादी उलट्या पिसांची, मधूनच एखादी उघड्या मानेची. अंड्यांचे आणि पिल्लांचे पैसे आईच्या हातातले. त्यांचा हिशेब वडिलांनी कधी विचारला नाही. आमच्या वह्या, मिठापुड्याची उधारी, माहेरी जायचे एसटीचे भाडे, सगळे त्यातून निघे.

२०१० साली मी पुण्यात नोकरीला होतो आणि नवशिक्षिताला असतो तसा आकड्यांचा उमाळा मला होता. गावठी कोंबडी वर्षाला साठसत्तर अंडी देते, सुधारित कोंबडी त्याच्या दुपटीहून जास्त देते, असे कागदावर मांडून मी आईला दाखवले. वीस सुधारित पिल्ले, महिनाभर वाढवलेली, खोक्यात भरून एसटीने नेली. ‘रक्त सुधारावे’ म्हणून जुने कोंबडे विकायला लावले. जुन्या कोंबड्यांपैकी जी खुडूक होई तिला पाण्यात बुडवून काढायचे, म्हणजे ती लवकर अंड्यावर येते, हेही मीच सांगितले. पहिली दोन वर्षे मी खरा ठरलो. अंडी खरोखरच वाढली. तिसऱ्या वर्षी मानमोडी आली आणि आठवड्याभरात खुराडे रिकामे झाले. उरल्या चार सुधारित कोंबड्या. त्या पुढे अंडी देत राहिल्या. पेंढ्यात, गोठ्यात, सुचेल तिथे टाकून चालू लागत. बसायला एक तयार नाही. तेव्हा आई जे बोलली ते मी विसरलेलो नाही. “अंडी देत्यात, न्हाई म्हनत न्हाई. पन फुडच्या वर्साला काय? परत तूच आननार का खोक्यातनं?”

साथ पूर्वीही येत असे. तिच्या हयातीत पाचसहा वेळा तरी कळप असाच बसला होता. पण दर वेळी एकदोन कोंबड्या वाचत, त्यांतली एखादी पावसाळा सरला की खुडूक होई, आणि वर्षभरात अंगण पुन्हा भरे. साथीने कळप लहान केला होता. त्याचा वंश खुंटवला तो मी. आणि ज्या पक्ष्याला बसता येत नाही त्याला ‘सुधारित’ म्हणणाऱ्या भाषेवर मी तो घडवताना विसंबलो होतो.

या बसण्यात काय असते, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगायला हवे. बारापंधरा अंडी झाली की काही कोंबड्यांच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते. कोंबडी अंडी देणे थांबवते, खाणे कमी करते, पिसे फुलवून हात लावू पाहणाऱ्यावर गुरगुरते. पोटाखालची पिसे विरळ होतात आणि उघडी, ऊन कातडी थेट अंड्यांना लागते. मग एकवीस दिवस. दिवसातून एखाद्या वेळी, पाचदहा मिनिटे, ती उठते. चार दाणे, दोन घोट पाणी, आणि पुन्हा जागेवर. बसल्या बसल्या चोचीने अंडी फिरवत राहते, मधली कडेला आणि कडेची मध्ये. फिरवली नाहीत तर आतला गर्भ कवचाच्या अस्तराला चिकटून मरतो. उबवणी यंत्रे साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब धरतात, ठरावीक वेळाने अंडी कलवतात, आणि अखेरचे तीन दिवस कलवणे थांबवतात. ही शहाणपणाची नक्कल ज्या मुळावरून उतरवली ते मूळ आईच्या चुलीमागच्या पाटीत, राख आणि पेंढा घालून केलेल्या बैठकीत होते.

शेवटच्या दिवसांत कवचाच्या आतून पिल्लू आवाज देते आणि कोंबडी बाहेरून उत्तर देते. पिल्ले फुटली तरी ती लगेच उठत नाही. मागे राहिलेल्या अंड्यांसाठी थांबते. आधी बाहेर आलेले पिल्लू एवढा वेळ उपाशी राहू शकते, कारण बलकाचा उरलेला भाग त्याने फुटण्यापूर्वी पोटात ओढून घेतलेला असतो आणि तो दोनतीन दिवस पुरतो. निसर्गाने ही शिदोरी धाकट्या भावंडांची वाट पाहण्यासाठी दिली. ‘एक दिवसाचे पिल्लू’ खोक्यात भरून शेकडो मैल पाठवण्याचा सारा धंदा याच शिदोरीवर चालतो. आईपण काढून टाकलेल्या उद्योगाचे चाक आईपणासाठी ठेवलेल्या बलकावर फिरावे, यातला उपरोध आपल्या लक्षातही येत नाही.

यापुढचे तर अधिकच दुर्लक्षित. पिल्लांना दाणा कोणता आणि खडा कोणता हे उपजत कळते असे आपण समजतो. पुष्कळसे कळतेही. पण आई चोच आपटून, विशिष्ट आवाज काढून ‘हे खा’ असे दाखवते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, पिल्ले आपल्या मते वाईट असलेले अन्न टिपत आहेत असे दिसले की कोंबडी आपले उकरणे आणि चोच मारणे वाढवते, म्हणजे शिकवणे वाढवते. कोंबडा आकाशातल्या घारीसाठी एक आवाज काढतो आणि जमिनीवरच्या मुंगसासाठी दुसरा. पहिल्याला कळप दडतो, दुसऱ्याला मान उंचावून बघतो. अंगणातले पिल्लू हा फरक आईच्या पंखाखाली शिकते. बल्बखाली वाढवलेले पिल्लू महिन्याभराचे होऊन आमच्या अंगणात उतरले, तेव्हा घार आल्यावर कुठे पळायचे हे त्याला शिकवायला कोणी नव्हते. वीसपैकी सात पहिल्याच महिन्यात गेली.

आता भाषेकडे पाहू. मराठीने वत्सलतेची उपमा उंच उडणाऱ्या घारीला दिली. तिचे चित्त पिल्लांपाशी असते हे आपण लहानपणापासून घोकतो. ती आकाशात कशासाठी हिंडते आणि तिच्या पिल्लांच्या तोंडी कोणाची पिल्ले पडतात, याचा विचार उपमेत नाही. जी पंख फुलवून त्याच घारीवर धावून जाते, तिच्या वाट्याला ‘खुडूक’ ही शिवी आली. घारीच्या वाट्याला उपमा आणि कोंबडीच्या वाट्याला रस्सा, असा हा साहित्यिक न्याय आहे.

सुधारणावाद्यांचा बालेकिल्ला म्हणजे अंड्यांचा आकडा. पुस्तिकांमध्ये देशी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंड्यांची आणि पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या वरची, अशी दोन खांबांची तुलना असते. आकडे खोटे नाहीत. तुलना खोटी आहे. देशी कोंबडी सुमारे तीन आठवडे अंडी देते, तीन आठवडे बसते आणि दोनअडीच महिने पिल्लांमागे हिंडते. वर्षात अशी तीनचार आवर्तने होतात. साठ-ऐंशीचा आकडा हा तिच्या आळसाचा पुरावा नव्हे. ती उरलेले महिने दुसऱ्या कामावर असते आणि त्या कामाचा रकाना तक्त्यात नाही. उबवणी यंत्र, वीज, ब्रूडर, पिल्लांचे खाद्य, त्यांना वाहून नेणारी गाडी, या सर्वांचे काम ती एकटी करते. लेगहॉर्नच्या तीनशे अंड्यांपुढे रोजच्या शंभरदहा ग्रॅम तयार खाद्याचा, लशींचा, दिव्यांचा आणि पुढच्या पिढीच्या खरेदीचा खर्च मांडा. गावठीच्या सत्तर अंड्यांपुढे चार मुठी कण्या, उकिरड्यातले किडे आणि वाळवी मांडा. मग तुलना करू. बाईची कमाई मोजताना घरकामाचा रकाना वगळायचा आणि मग ती काही कमवत नाही असा निष्कर्ष काढायचा, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. इथे तो फक्त कोंबडीला लावला आहे.

शिवाय हा ‘सुधारित’ पक्षी आला कोठून? लेगहॉर्न इटलीतल्या लिव्होर्नो बंदराच्या नावाने ओळखली जाते, ऱ्होड आयलंड रेड अमेरिकेतली, ऑस्ट्रेलॉर्प ऑस्ट्रेलियातली. हे सगळे ज्ञान बाहेरून आले असे आपण कृतज्ञतेने मानतो. पण आजच्या ब्रॉयलरच्या रुंद छातीचे एक मूळ कॉर्निश नावाच्या इंग्रज जातीत आहे, आणि त्या जातीला पूर्वी ‘इंडियन गेम’ म्हणत, कारण तिच्या घडणीत आपला असील होता. दुसरी गोष्ट याहून बोलकी. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की, जगभरच्या पाळीव कोंबड्यांच्या पायांना आणि कातडीला जो पिवळा रंग असतो त्याचे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलेले आहे. हा करडा रानकोंबडा भारताचा, मुख्यतः दख्खनचा आणि सह्याद्रीचा. कोयनेच्या जंगलात पहाटे जो तुटक आरवतो तोच. म्हणजे कधीकाळी, कुठल्याशा परसातल्या कोंबडीने रानातल्या कोंबड्याचे अंडे उबवले, आणि त्याची खूण आज लेगहॉर्नच्या पायांवर मिरवते आहे.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचे आहे. ‘शुद्ध देशी’, ‘अस्सल गावरान’, ‘मूळ जात’ ही भाषा ऐकली की मला धास्ती वाटते. मराठीत कोंबडीच्या वाणालाही ‘जात’ म्हणतात आणि माणसाच्या जन्मजात उतरंडीलाही. शब्द एकच असल्यामुळे एका ठिकाणचे रोग दुसऱ्या ठिकाणी सहज पसरतात. शुद्धतेचा हट्ट धरणाऱ्यांनी पिवळ्या पायांची गोष्ट लक्षात ठेवावी. गावठी कोंबडी शुद्ध कधीच नव्हती. ती रानाशी संकरली, माहेरच्या कोंबडीशी संकरली, बाजारातून आलेल्या अनोळखी कोंबड्याशी संकरली. उलटी पिसे आणि उघडी मान या दोन्ही गोष्टी अंगातली उष्णता बाहेर टाकायला उपयोगी पडतात. त्या कोणी वंशावळ राखून टिकवल्या नाहीत. त्यांतली पहिली टिकण्याला आमच्या भागात एक कारण देवदेवस्कीचे आहे. उलट्या पिसांचा कोंबडा उताऱ्याला मागतात, म्हणून कोणी ना कोणी तो वाढवत राहते. मी देवदेवस्की मानत नाही, पण योजनांच्या यादीने जे वैविध्य पुसले त्यातले थोडे अंधश्रद्धेने राखले, हे कबूल न करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

शुद्धतेच्या बाजारात काय होते ते कडकनाथने दाखवले आहे. काळ्या मांसाचा हा झाबुआ भागातला पक्षी. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याच सुमारास त्याचे मांस म्हणजे औषध अशी हवा तयार झाली. पश्चिम महाराष्ट्रात ‘पिल्ले घ्या, वाढवा, आम्ही परत विकत घेऊ’ अशा योजनेत अनेक शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले. २०१९ साली ती योजना कोसळली. परत घेणारे नाहीसे झाले, खाद्य संपले, आणि ज्या पक्ष्याची किंमत हजारात सांगितली होती तो शेडमध्ये उपाशी राहिला. जात अस्सल होती. फसवणूकही अस्सल होती. गंमत अशी की कडकनाथ कोंबडी बसण्यात कच्ची मानली जाते आणि तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवायची रीत आहे. म्हणजे ज्याचे मानांकन झाले तोही अखेर एका निनावी खुडूक कोंबडीच्या पोटाखालीच वाढतो. मानांकन तिला नाही.

आता नवापूर. १८ फेब्रुवारी २००६ या दिवशी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. रोग सापडला तो मोठ्या पोल्ट्रींमध्ये. संसर्गाच्या भोवतीच्या परिघातले पक्षी मारायचे ठरले आणि पथके घरोघर फिरली. परसातल्या कोंबड्याही पोत्यांत गेल्या. रोग आटोक्यात आणायला हे आवश्यक होते, यावर मी वाद घालत नाही. २००८ साली पश्चिम बंगालमध्ये तोच रोग परसातल्या कोंबड्यांत पसरला होता, तेव्हा परस म्हणजे निर्धोक असेही मी म्हणणार नाही. माझा प्रश्न नंतरचा आहे. पोल्ट्रीत रिकामी झालेली जागा नव्या पिल्लांच्या खेपेने भरते. परसातली जागा कशाने भरते?

हा प्रश्न नवापूरला अधिक टोचतो, कारण देशी कोंबड्यांच्या नोंदणीकृत जातींमध्ये, ज्यांची संख्या आज विसाच्या आसपास आहे, महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली ‘बुसरा’ ही जात याच पट्ट्यातली: नंदुरबार, धुळे आणि लगतचा गुजरात. आदिवासी घरांच्या परसात वाढलेली. म्हणजे देशातल्या पहिल्या मोठ्या संहाराचे केंद्र आणि राज्याच्या एका नोंदणीकृत जातीचे माहेर एकाच नकाशावर पडते. भरपाई पक्ष्यामागे असते. कापलेल्या वंशाला दर नसतो. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा तोच रोग आला आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले. मधल्या पंधरा वर्षांत मोठ्या शेड पुन्हा भरल्या होत्या, हे त्यावरून कळतेच. कोणाच्या परसातली कोंबडी पुन्हा बसली आणि कोणाची नाही, हे त्यावरून कळत नाही.

यावर आकड्यांनी उत्तर दिले जाते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात पंच्याऐंशी कोटींहून अधिक कोंबड्या व तत्सम पक्षी होते; त्यांपैकी परसातले सुमारे ३१.७ कोटी, आणि २०१२ च्या तुलनेत ही वाढ ४५ टक्क्यांहून अधिक. मग रडगाणे कशाला? तर एवढ्यासाठी की ‘परसातला’ हे पक्ष्याच्या पत्त्याचे वर्णन आहे. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया हेही परसातच वाढतात आणि योजनांतून त्यांचेच वाटप होते. पत्ता गावचा आहे एवढ्यावरून वंश गावात चालतो असे होत नाही. २०१२ ला आमच्या आईच्या कोंबड्या मोजायला कोणी आले असते, तर माझ्या खोक्यामुळे ‘वाढ’च दिसली असती.

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. स्वस्त अंड्याने गरिबाच्या ताटात प्रथिने आली. तुम्ही त्याला साठ अंड्यांची स्वप्ने विकता का? नाही. शहरांचे पोट गावठी कोंबडी भरू शकणार नाही, आणि शाळेतल्या मुलाच्या ताटात पडणारे पोल्ट्रीचे अंडे मला ढाब्यावरच्या गावरान रश्श्याहून शतपटीने महत्त्वाचे वाटते. पोल्ट्रीला पोल्ट्रीचे काम करू द्यावे. माझे भांडण पोल्ट्रीचा हिशेब परसात आणण्याशी आहे. पोल्ट्रीला नवी पिल्ले विकत घेणे परवडते. हातात रोकड नसलेल्या बाईसाठी, खोक्यातून येणारे पिल्लू म्हणजे दर दोन वर्षांनी भरायचा हप्ता आहे, आणि तो चुकला की तिच्या हक्काची ती एकमेव कमाई बंद पडते.

दुसरा आक्षेप: गावठी कोंबड्या मानमोडीने मरतातच. खरे आहे. पण त्या लशीअभावी मरतात. मानमोडीची लस स्वस्त आहे. तिची कुपी मात्र निदान शंभर मात्रांची असते, थंड ठेवावी लागते आणि फोडली की काही तासांत वापरून संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या धनिणीने उरलेल्या नव्वद मात्रांचे काय करायचे? ऑस्ट्रेलियात विकसित झालेली, उष्णता सोसणारी ‘आय-२’ लस आफ्रिका-आशियातल्या खेड्यांत डोळ्यात थेंब टाकून दिली जाते, आणि ते काम पुष्कळदा गावातल्या बायकाच करतात. तंत्रज्ञानाला माझा विरोध असता तर मी हे सांगितले नसते. मला एवढेच म्हणायचे आहे की, खोकेभर पिल्ले वाटण्याऐवजी वाडीवाडीत लसीकरणाचा एक दिवस ठरवला आणि आहे तो कळप जगवला, तर कोंबडी उरलेले काम स्वतः करील. फोटो काढायला मात्र खोके बरे पडते.

राहता राहिला खवय्या, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण. आपण गावरान अंड्याला दुप्पट पैसे देतो आणि तपकिरी कवच पाहून खूश होतो. कवचाचा रंग वाणावर अवलंबून असतो. तपकिरी अंडे पिंजऱ्यातली कोंबडीही देते. चवीची पारख सांगणाऱ्याने एक प्रश्न विचारायला शिकावे: ही कोंबडी कुठे फुटली? यंत्रात की कोंबडीखाली? विकणाऱ्याला उत्तर देता आले नाही तर पाटीवरचा शब्द खोटा आहे. आणि आणखी एक, हे जरा जड जाईल. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत गावातली बाई अंडी विकायला नाही म्हणाली, तर तिच्याशी घासाघीस करू नये. ती अंडी बसवायची असतात.

आई २०१६ साली गेली. त्याच्या आदल्या वर्षी खोऱ्याच्या पलीकडच्या एका वाडीतून, वाट्याने, मी एक खुडूक कोंबडी आणि तिच्याखाली ठेवायला अकरा अंडी आणली होती. निम्मी पिल्ले परत करायच्या बोलीवर. आईने ती चुलीमागे राखेच्या पाटीत बसवली, विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा ठेवला, आणि मला हसू आले तरी मी तो काढला नाही. अकरांतली आठ फुटली. दोन मुंगसाने नेली, तीन परत केली, तीन राहिली. त्या माहेरच्या कोंबड्यांच्या लेकी नव्हेत; तो धागा तुटला तो तुटलाच. आज अंगणात त्या तिघींच्या वंशातल्या नऊ आहेत. एक कबरी परवापासून पाटीतून उठत नाही. शेजारच्या मुलाने विचारले, ही खुडूक झाली, पाण्यात बुडवू का? मी त्याला नको म्हणालो. का नको, हे सांगायला मला वरची एवढी पाने लागली. आईला एक वाक्य पुरले होते.